सहाव्या खंडाचे अपहरण

“याला नाकासमोरचं दिसत नाही, पण लांबचं काय दिसतं बघा.”

इचलकरंजीच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, गणिताचे सर हे बोलले त्याला युगं लोटली. सर निवृत्त झाले, फळ्यावरचं ते न सुटलेलं गणितही पुसलं गेलं. पण तो आवाज मात्र समुद्र ओलांडून सिडनीला आला आणि टूनगॅबीतल्या दोन बेडरूमच्या युनिटमध्ये बिनभाड्याचा राहू लागला. वाक्याचा पहिला भाग सर रागाने बोलले होते आणि दुसरा टोमण्याने. हृषीकेशने पहिला भाग तिथेच बाकाखाली टाकून दिला आणि दुसरा प्रशस्तिपत्रासारखा जपला.

त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तो दक्षिण गोलार्धातला पहिला आणि एकमेव मराठी रहस्यभेदी होता. गरुडाची नजर, मुंगसाची चपळाई आणि योग्याची स्थिरता हे तिन्ही गुण एका देहात घालताना निसर्गाचा कच्चा माल कमी पडला, म्हणून केसांच्या बाबतीत थोडी काटकसर झाली, असं तो आरशासमोर उभा राहून सांगायचा. पोटापाण्यासाठी तो लोकांच्या घरांत वाळवी शोधायचा. आला होता हॉटेल मॅनेजमेंट शिकायला. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळेपर्यंत कांदे चिरले आणि मग एका पेस्ट-कंट्रोलवाल्याच्या व्हॅनमध्ये जो बसला तो बसलाच. वाळवी आणि गुन्हेगार यांत त्याला काही फरक दिसत नसे. दोघंही आतून पोखरतात, दोघंही उजेडाला भितात आणि दोघांच्याही बाबतीत घरमालक म्हणतो, आमच्याकडे असलं काही नाही हो.

हे सगळं ऐकायला अस्मिता होती. ती त्याची बायको आणि सहायक. पैकी पहिल्या जागेला तिने होकार दिला होता, दुसरीसाठी अर्जही केलेला नव्हता. दिवसभर ती पेंडल हिलच्या चाइल्डकेअरमध्ये तीन-चार वर्षांची पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम पुढे चालू ठेवायची. हृषीकेशच्या आजवरच्या सगळ्या केसेस तिने जवळून पाहिल्या होत्या. मराठी मंडळाचा मोदकाचा साचा गायब झाला तेव्हा त्याने सहा जणांच्या जबान्या घेतल्या आणि साचा सातव्याच्या डिशवॉशरमध्ये निघाला. त्याचं म्हणणं असं की सहा जण निर्दोष ठरवणं हेही मोठं काम आहे.

नवरात्र बसून चार दिवस झाले होते. एका दुपारी जवळच्या गिरावीनहून दीनानाथकाकांचा फोन आला. लाल कोशाचा सहावा खंड नाहीसा झाला होता आणि काकांना हृषीकेशच हवा होता. दुसरा कोणी नको, असं त्यांनी दोनदा सांगितलं. हृषीकेशने फोन ठेवला, खिडकीतून टूनगॅबीच्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “अस्मिता, खंडातून खंड गेलाय.”

तिने भाजी परतत परतत मान हलवली. या वाक्यासाठी तो कितीतरी वर्षं थांबला असेल, एवढं सुख त्याच्या चेहऱ्यावर होतं.

आता हा लाल कोश म्हणजे काय, ते सांगायला हवं. विज्ञान आणि वैद्यक यांचा तो जाडजूड मराठी कोश; लाल कापडी बांधणी, मुखपृष्ठावर ‘विद्यार्थी व सर्वसामान्य वाचक यांच्यासाठी’ अशी सोनेरी ओळ. दीनानाथकाका मुलाकडे, मिहिरकडे, येऊ-जाऊ लागले तेव्हा दर खेपेला एकेक खंड केबिनच्या बॅगेत घालून आणत. त्या एकेका खंडापायी विमलकाकूंच्या संसारातली एकेक वस्तू मागे राहिली. एका खेपेला लोखंडी तवा राहिला, एका खेपेला पुरणयंत्र. चौरंग तेवढा काकूंनी हट्टाने आणला, तर विमानाच्या पोटात त्याचा एक पाय मोडला. आणून आणून कोश पुरा झाला आणि मिहिरच्या गॅरेजमध्ये ग्रंथालय उघडलं. मिहिरची गाडी तेव्हापासून रस्त्यावर उभी असते. बॅकयार्डातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये काका-काकू राहतात आणि दर रविवारी दुपारी काका गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून कोशातली एक नोंद मोठ्याने वाचतात. आसपासची मराठी माणसं चहा प्यायला येतात आणि जाताना धूमकेतूबद्दल किंवा धनुर्वाताबद्दल थोडं शहाणी होऊन जातात.

हृषीकेश आणि अस्मिता पोचले तेव्हा मिहिर गेटवरच भेटला. आयटीतला शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचा आवाज जरा चढला होता. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत वर्षाहून जास्त वाट पाहिल्यावर आता बोलावणं आलं होतं आणि सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं की पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि बाबा म्हणत होते, आधी मी कोशात मोतीबिंदूची नोंद वाचणार, मग ठरवणार. नोंद सहाव्या खंडात. ‘प ते म’. तोच नेमका नाही.

मिहिरने नेटवरून मराठीतली माहिती काढून दिली होती. काकांनी ती हातातही घेतली नाही. नेटवर कोण लिहितं, कुणी तपासलं, काय माहीत. कोशाला संपादक मंडळ असतं, म्हणाले. मिहिर अस्मिताला हळूच म्हणाला, “बाबांना आता समोरचा माणूस ओळखू येतो की नाही, मला शंका आहे. पण विचारलं की म्हणतात, फर्स्ट क्लास दिसतंय. अस्मिता, ही डेट गेली ना, तर पुढची येईपर्यंत काय उरेल, मला माहीत नाही.”

हृषीकेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नो वरीज म्हणाला. मग त्याने डोक्यावर हेल्मेट चढवलं.

हे हेल्मेट सायकलचं होतं आणि त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या सायाळीच्या काट्यांसारख्या उभ्या बांधलेल्या होत्या. इकडे नवरात्रातच वसंत असतो; तेव्हा मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळूवर झेपावतात. मिहिरच्या निलगिरीवर एक मॅगपाय होता आणि त्याचं हृषीकेशशी जुनं वैर होतं. बाकीच्या सिडनीत लोक हे हेल्मेट पोस्टमनच्या डोक्यावर बघतात. हृषीकेशच्या मते ती रहस्यभेद्याची टोपी होती.

असा तो एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात ओलावा मोजायचं यंत्र घेऊन, ऐन उन्हात टॉर्च लावून बॅकयार्डात उतरला, वर मॅगपायकडे बघत चार पावलं चालला आणि गवतातल्या एका विटेला ठेचकाळला.

“वीट,” तो म्हणाला.

“हो,” अस्मिता म्हणाली.

“अप्रस्तुत,” तो म्हणाला आणि लंगडत पुढे गेला.

ग्रॅनी फ्लॅटच्या कोपऱ्यात घट बसला होता. चौरंगावर परडी, परडीत हार्डवेअरच्या दुकानातली काळी माती, मातीत पेरलेल्या गव्हाला बोटभर हिरवे कोंब. वर कलश, नारळ, झेंडूच्या माळा आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. त्या दिव्यापायी छतावरचा स्मोक अलार्म शॉवर कॅपमध्ये बांधून ठेवला होता. चौरंगावरून हिरवं खणाचं कापड जमिनीपर्यंत सोडलेलं. काका शेजारच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसले होते. अस्मिताने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. फक्त तो तिच्या जरा डाव्या बाजूला गेला.

हृषीकेशने खोलीभर यंत्र फिरवलं. भिंत गप्प, दार गप्प, कपाट गप्प. चौरंगाजवळ नेलं आणि ते किंचाळत सुटलं. काका खुर्चीत दचकले. यंत्राचा काटा थेट लाल पट्ट्यात.

“ओलावा,” हृषीकेश गंभीरपणे म्हणाला. “तोही जमिनीलगत. काका, चौरंग जरा बाजूला घेऊ या.”

“घट हलवायचा नसतो,” काका इतक्या झटकन म्हणाले की अस्मिताने वळून पाहिलं. एरवी घरातल्या सोवळ्या-ओवळ्यावर विज्ञानाचं बोट ठेवणारे काका. “दसऱ्यापर्यंत नाही. अजिबात नाही. विमल, सांग याला.”

विमलकाकू चहा गाळत होत्या. या बाईंना कशावरही ओवी सुचायची. मिक्सर फिरला की ओठ हलायचे. सांगलीकडच्या त्यांच्या आई-आज्यांनी जात्यावर म्हटलं, त्यांनी बटण दाबून म्हटलं, एवढंच. कप पुढे करता करता त्या गुणगुणल्या,

तीन पाय सागवानी, चौथा शिकला-सवरला
सये बाई, माझा घट विद्येवरी गं बसला

हृषीकेशने डोळे मिटून दाद दिली. सरस्वतीचं वर्णन आहे, असं त्याने अस्मिताला समजावून सांगितलं. काकूंनी अस्मिताकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी होतं, पण तेवढ्यात हृषीकेश बाहेर निघाला, मॅगपाय खाली आला, हृषीकेश आभाळाकडे बघत धावला आणि विटेला दुसऱ्यांदा ठेचकाळला.

पुढच्या दोन दिवसांत सिद्धांतांचं पीक आलं.

पहिला संशय विक्रांतवर. हा पेंडल हिलचा. फोर्कलिफ्ट चालवतो आणि सकाळ-संध्याकाळ साऱ्या मंडळाला घरगुती उपाय पाठवतो. लवंग, कापूर, ओवा, बटाट्याची साल. जगातला एकही रोग त्याने स्वयंपाकघराबाहेर जाऊ दिला नव्हता. काकांनी मात्र दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी ‘पित्त’ ही नोंद वाचून त्याची सालं काढली होती. हृषीकेशच्या मते हेतू सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ होता: कोश नाहीसा झाला की कापराचं राज्य. तो विक्रांतच्या गॅरेजमध्ये शिरला आणि तासाभराने डोक्याला लवंगेचं तेल लावून बाहेर आला. विक्रांत म्हणाला होता, “मेट, मी आयुष्यात ते पुस्तक उघडलेलं नाही. माझ्याबद्दल तक्रार तीच आहे ना सगळ्यांची?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मग कौमुदीची पाळी आली. कौमुदी घरी पनीर करते, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला करते, आणि पनीरला वर जड वजन लागतं. सिडनीतली सर्वांत जड मराठी वस्तू कोणती? हृषीकेशने तिच्या ओट्यावरचा फडका एका झटक्यात वर केला. खाली पनीर होतं. पनीरवर अंगणातली फरशी होती. कौमुदीने विचारलं, आणि काय हवं होतं? त्यालाही ते सांगता येईना. तिने अर्धा किलो बांधून दिलं.

त्या संध्याकाळी पनीर खाता खाता त्याला तिसरा आणि महान सिद्धांत सुचला. चोर माणूस नव्हताच. वाळवी. जुन्या मराठी पुस्तकांच्या बांधणीत खळ असते, खळीत पीठ असतं, आणि ऑस्ट्रेलियन वाळवीने असं घरचं जेवण पिढ्यान्‌पिढ्या चाखलेलं नाही. ती गॅरेजमधून निघाली, सहावा खंड मुळापासून खाऊन चौरंगाखाली येऊन झोपली. म्हणून ओलावा.

अस्मिताने विचारलं की वाळवीने पाचवा आणि सातवा का सोडला. तो म्हणाला, वाळवीच्या मनात काय आहे, हे अजून विज्ञानालाही कळलेलं नाही. असेलही एखाद्या कोशात. बहुधा सहाव्या खंडात.

ती हसली, पण तिचं मन काकांच्या त्या डावीकडे गेलेल्या आशीर्वादापाशी घुटमळत होतं.

शनिवारी दुपारी काकूंनी बॅकयार्डात भोंडला ठेवला होता. भोंडल्याला मधोमध हत्तीचं चित्र लागतं. ते त्यांनी कपडे वाळत घालायच्या, छत्रीसारख्या फिरत्या दांडीला लटकवलं. वारा आला की दांडी फिरे, दांडी फिरली की हत्ती फिरे, आणि बायका एका दिशेने, हत्ती दुसऱ्या दिशेने असा फेर रंगे. पोरं कडेला क्रिकेट खेळत होती. पुरुष खुर्च्यांवर बसून पुढाऱ्यांसारखे टाळ्या वाजवत होते. काकूंनी जुन्या गाण्यांच्या शेपटाला आपली एक ओवी जोडली,

हाती घेऊनिया बत्ती हा गं आभाळ धुंडितो
पायापाशी वीट बाई, तिला ठेचाळून जातो

सगळ्या हसल्या. हृषीकेशही हसला, कोणी का असेना, बिचारा, म्हणाला.

मग त्याने दुधाचा क्रेट उलटा केला आणि हेल्मेटसकट त्यावर उभा राहिला. अपराधी या फेरातच आहे, असं जाहीर केल्यावर त्याने विक्रांतपासून सुरुवात केली, कौमुदीवरून वळण घेतलं आणि वाळवीपाशी आला तेव्हा फेरातली अर्धी मंडळी गवतावर बसून पोट धरत होती. मिहिर मात्र हसत नव्हता. तो एकसारखा फोनकडे बघत होता. मधे फक्त रविवार उरला होता.

हृषीकेशची अखेरची संधी खिरापतीने दिली. भोंडल्यात खिरापत झाकलेल्या डब्यात असते आणि डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं असतं. कौमुदीने डबा त्याच्या कानाशी हलवला. आवाज शून्य. त्याने डोळे मिटले. आवाज नाही, म्हणजे पदार्थ ओला. ओला, म्हणजे पाक. पाक, म्हणजे गुलाबजाम. एक चिमुरडी म्हणाली, “इट्स लॅमिंग्टन्स. आय सॉ द पॅकेट.” डबा उघडला. खोबऱ्यात घोळलेले लॅमिंग्टनचे, म्हणजे चॉकलेटी केकचे, चौकोन. हृषीकेश क्रेटवरून खाली उतरला, मागे सरला आणि विटेला तिसऱ्यांदा ठेचकाळला. पोरांनी ती बोलरच्या टोकाला स्टंप म्हणून उभी केली होती, त्यामुळे तो आउट असल्याचंही जाहीर झालं.

खाणं चालू असताना कोणीतरी म्हणालं, काका, रविवारची नोंद आजच होऊन जाऊ दे. मिहिरने पाचवा खंड आणून त्यांच्या मांडीवर उघडून ठेवला. काकांनी घसा साफ केला आणि ‘धूमकेतू’ वाचायला घेतलं. काय तो आवाज; जुन्या समईतल्या तेलासारखा संथ, पिवळा, उबदार. “बट ही रेड द कॉमेट वन लास्ट संडे टू,” एक पोरगं कुरकुरलं, आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

अस्मिता काकांच्या मागे उभी होती. धूमकेतूचं शेपूट सूर्यापासून दूर का असतं, ते काका सांगत होते. पान संपलं. काका वाचतच राहिले. पुढच्या पानावरची दोन वाक्यं म्हणून झाल्यावर, कधीतरी आठवल्यासारखं, त्यांनी पान उलटलं. आणि उलटताना दोन पानं एकदम उलटली. आवाज अडखळला नाही.

अस्मिता पुढे वाकली. हे तिने रोज पाहिलं होतं. तिच्या चाइल्डकेअरमधला चार वर्षांचा विहान बदकाच्या गोष्टीचं पुस्तक असंच वाचायचा: मान डोलावत, बोट फिरवत, एक अक्षर न चुकता आणि पानं मात्र भलतीकडेच. त्याला सगळं पाठ होतं. वाचता येत नव्हतं.

वर्षभर काका फक्त पाचवाच खंड वाचत होते. सगळ्यांना वाटलं होतं, उजळणी चालली आहे.

आणि मग तिची नजर स्टंपवर गेली. लाल, ओबडधोबड, एका बाजूला झिजलेली वीट. झिजलेल्या बाजूला जुन्या कुंकवाचे डाग. कुंकू लागलेली वीट बॅकयार्डात काय करते? ही देवाच्या कोपऱ्यातली. विमानात मोडलेल्या पायाच्या जागी, दर नवरात्रात चौरंगाखाली बसणारी. ती इथे आहे, तर चौरंग कशावर उभा आहे?

तिने काकूंकडे पाहिलं. काकू तिच्याकडेच पाहत होत्या, लॅमिंग्टनची ताटली तशीच हातात धरून. आता कळलं ना बाई, असं म्हणावं तशी त्यांनी मान किंचित खाली केली.

अस्मिता आत गेली. खणाचं कापड बोटभर वर केलं. हिरव्या काठाखाली लाल कापडी कणा आणि त्यावर सोनेरी अक्षरं: प ते म.

तिने पुस्तकाला हात लावला नाही. कापड सोडलं आणि काका-काकूंना आत बोलावून आणलं. हृषीकेश न बोलावता आला. चाइल्डकेअरमध्ये तिला एक गोष्ट पक्की कळली होती: लपवणाऱ्याला कधी ‘का’ म्हणून विचारायचं नाही. आपल्याला दिसलं एवढंच सांगायचं आणि शेजारी बसायचं. ती काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

“काका,” ती म्हणाली, “वीट बाहेर आहे.”

 हृषीकेशने कपाळाला आठी घातली. “वीट बाहेर, म्हणजे चौरंगाला तीन पाय. म्हणजे...” त्याचा चेहरा उजळला. “चौरंग तरंगतोय?”

“गाढवा,” काका म्हणाले. पण ते गाढवाला नव्हे, पडद्याला म्हणाले. हृषीकेश दुसऱ्या बाजूला उभा होता. आणि त्या एका शब्दाबरोबर त्यांची ताठ पाठ सैल झाली. “वीट बाहेर टाकून कोश मीच घातला खाली. घट बसवायच्या दिवशी. हॉस्पिटलचा फोन आला त्या दुपारी मी तो उघडला होता. दिवा लावला, चष्मा पुसला, भिंग घेतलं. पानं नुसती पांढरी होती गं. दुधासारखी. चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय की सगळं कोशात आहे. आणि कोशात काहीच नव्हतं.”

मिहिरला हे कळू द्यायचं नव्हतं. कोश सापडला असता तर तो म्हणाला असता, घ्या, वाचा. म्हणून कोश हरवायला हवा होता. आणि घट नऊ दिवस कोणी हलवत नाही.

“पण काका, मग मला कशाला बोलावलंत?” हृषीकेशने विचारलं.

“मिहिर गप्प बसला नसता. कोणीतरी शोधतंय, हे दिसायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात सापडला असता.”

हृषीकेश हे वाक्य जरा वेळ तोंडात घोळवत राहिला. अस्मिताला वाटलं, आता याला लागणार. पण त्याने छातीवर हात ठेवला. “काका, एवढ्या खात्रीने आजवर कोणीच माझ्यावर काम सोपवलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं.

काकूंनी ताटली खाली ठेवली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कलश हातात धरून त्याच तर उभ्या होत्या. पण ज्याचं त्याने बोलावं, म्हणून त्या ओव्यांपलीकडे गेल्या नव्हत्या. आता त्या म्हणाल्या की काय वाचायचं ते वाचा, फक्त घटाला धक्का लागता कामा नये.

वीट आणायला अस्मिता दारात गेली, पण बाहेर शेवटची ओव्हर चालली होती आणि पोरं स्टंप द्यायला तयार नव्हती. मग हृषीकेशने हेल्मेट काढलं, पोटावर आडवा झाला आणि चौरंगाच्या कोपऱ्याखाली हात घातला. दक्षिण गोलार्धातल्या एकमेव मराठी रहस्यभेद्याने इंचभरही न हलता देवीचा घट पेलून धरला आणि अस्मिताने सहावा खंड अलगद बाहेर ओढला. परडीतलं पाणी झिरपून एक कोपरा ओला झाला होता. बाकी सारं शाबूत. एका गव्हाच्या दाण्याने मात्र पुठ्ठ्यावरच मूळ धरलं होतं.

“वाच,” काका म्हणाले.

तिने वाचलं. “मोतीबिंदू. डोळ्यातील नैसर्गिक भिंग अपारदर्शक होणे. उतारवयात बहुधा आढळतो. यावर औषध नाही. शस्त्रक्रियेने भिंग काढणे हाच उपाय. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास काही दिवस निश्चल पडून राहावे लागते. त्याकरिता...” ती थांबली.

“वाळूच्या पिशव्या,” काका म्हणाले. “डोक्याच्या दोन्ही बाजूंना. वाच की. माझ्या वडिलांच्या कानांशी होत्या. मी दाराशी उभा असायचो. दोन्ही डोळ्यांना पट्टी, आणि मान हलवायची नाही. मला वाटायचं, मेलेत आणि मला कोणी सांगत नाहीये.”

अस्मिताने पहिलं पान उघडून छपाईचं साल पाहिलं. तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. आता पिशव्या नसतात काका, हल्ली त्याच दिवशी घरी सोडतात, मिहिरने सांगितलंय ना, असं ती बोलत होती. पण काका तिथे नव्हते. ते कुठल्यातरी लांबच्या दाराशी उभे होते.

तेव्हा काकू त्यांच्यापुढे येऊन बसल्या. “आणि पट्टी सोडली तेव्हा मामंजी काय म्हणाले होते, ते नाही सांगितलंत?”

 काकांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “म्हणाले, दिन्या, किती काळवंडलास रे उन्हात.”

बाहेर कोणीतरी आउट झालं आणि कोणीतरी ते मान्य केलं नाही. दांडीवरचा हत्ती वाऱ्याने कर्रकर्र फिरला. जमिनीलगतून हृषीकेशचा आवाज आला, काकांनी शक्यतो लवकर ठरवावं, कारण हाताला मुंग्या आल्या आहेत, आणि मुंग्यांच्या बाबतीत तो व्यावसायिक माणूस आहे.

“मग सोमवारी मिहिरला काय सांगायला सांगू?” काकूंनी विचारलं.

काकांनी हात पुढे केला. तो आधी हवेत चाचपडला, मग काकूंच्या बांगड्यांना लागला आणि तिथेच थांबला.

“हो म्हणावं,” ते म्हणाले. “पण तू दारापर्यंत चल. विमल, मला फार भीती वाटते गं.”